मूल मुके का होते? : बालपणातील बहिरेपण आणि त्यावरील उपाय

आम्ही वैद्य नव्हे. शाळा सातवीनंतर सुटली, आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते यंत्रमाग कारखान्यांच्या दारात, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा कानाच्या शास्त्रावर बोलण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर इतकेच की, बहिरेपण हा आमच्या धंद्यातला रोग आहे. चालू मागांच्या शेडमध्ये १०० डेसिबलच्या आसपास आवाज असतो. साधे बोलणे ६० डेसिबलचे असते. आणि डेसिबलचा हिशेब असा विचित्र आहे की, दर दहा डेसिबलला आवाजाची ताकद दसपट होते. म्हणजे साध्या बोलण्याच्या दहा हजार पट ताकदीचा आवाज आमचा माणूस पाळीभर कानांत घेतो. असा माणूस वीस वर्षांनी घरात ओरडून बोलू लागतो आणि बायकोला वाटते की, याचा स्वभाव बिघडला. आवाजामुळे येणारे हे बहिरेपण कामगार कायद्याच्या परिशिष्टात रोग म्हणून नोंदलेले आहे आणि त्याची भरपाई मागता येते. तसले अर्ज लिहिता लिहिता श्रवणाचा आलेख वाचणे आम्हांला शिकावे लागले.

पुढे कामगारांचे कान तपासण्यासाठी एक शिबिर भरवले. रांगेत पुरुष येतील ही अपेक्षा होती. पुरुष आले ते थोडे. बायका मात्र कडेवर मुले घेऊन आल्या. कुणाचे मूल तीन वर्षांचे होऊनही बोलत नव्हते, कुणाच्या मुलाचा कान वर्षभर वाहत होता, कुणाला शाळेतल्या बाईंनी 'तुमचा मुलगा ढ आहे' असे सांगितले होते. त्या दिवसापासून आमच्या वाचनाचा मोहरा बापाच्या कानाकडून मुलाच्या कानाकडे वळला.

या दोन बहिरेपणांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तो नीट समजला म्हणजे पुढचे सगळे समजते. मागवाल्याचे ऐकणे गेले तरी त्याची भाषा जात नाही. शब्द त्याच्यापाशी असतात. तो ओठांवरून ओळखतो, अंदाजाने उत्तर देतो, विचार मराठीतच करतो. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या ठायी मात्र शब्द अजून जमा व्हायचे असतात आणि ते आत येण्याचे दारच बंद असते. ज्याला आपण मुके म्हणतो त्या मुलाची जीभ, घसा, फुप्फुसे बहुतेक वेळा अगदी धड असतात. जे ऐकले नाही ते बोलायचे कसे? जिभेखालचा तंतू कापून आणला म्हणजे मूल बोलेल, या समजुतीपायी आजही काही आईबाप महिने घालवतात. मुकेपण हा अशा मुलाचा रोग नव्हे. तो न ऐकण्याचा परिणाम आहे, आणि वेळेवर हालचाल केली तर टाळता येणारा परिणाम आहे.

आता कानाच्या रचनेकडे थोडे पाहू. बाहेर दिसतो तो कान म्हणजे नुसते कर्ण्याचे तोंड. त्यातून गेलेला आवाज पडद्यावर आदळतो, पडदा थरथरतो, आणि पडद्यामागे साखळीने जोडलेली तीन इवलीशी हाडे ती थरथर आत पोचवतात. हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी त्यांची नावे; रिकीब हे शरीरातले सर्वांत लहान हाड, तांदळाच्या दाण्याहून लहान. त्याच्या पलीकडे गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली, अडीच वेढ्यांच्या वर थोडी, अशी द्रवाने भरलेली नळी आहे. तिला कॉक्लिया म्हणतात, आपण शंख म्हणू. या शंखात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी ओळीने बसलेल्या असतात. शंखाच्या तोंडाशी बारीक, चिरके स्वर ओळखणाऱ्या, तर टोकाशी जाडे, घुमणारे स्वर ओळखणाऱ्या. हलणाऱ्या केसांची हालचाल इथे विजेच्या संदेशात बदलते आणि मज्जातंतूवाटे मेंदूकडे जाते. शंख जन्मतःच पूर्ण वाढलेला असतो, पुढे वाढत नाही. आणि माणसाच्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मागवाल्याच्या कानात याच पेशी मेलेल्या असतात.

यावरून बहिरेपणाचे दोन घराणे पडतात. आवाज शंखापर्यंत पोचतच नाही, तो वाटेतच अडतो, हे एक. आणि पोचतो पण शंख किंवा मज्जातंतू त्याचे काम करीत नाही, हे दुसरे. पहिले बहुधा दुरुस्त होते. दुसऱ्यात गेलेले श्रवण औषधाने परत येत नाही; तिथे यंत्र आणि शिक्षण हेच उपाय.

पहिल्या प्रकाराबद्दल लोक फार बेफिकीर आहेत. 'कान फुटला, वाहतो आहे, मोठेपणी थांबेल' हे वाक्य आमच्या वस्तीत आम्ही किती वेळा ऐकले असेल! सर्दी पडशाने नाकाघशाकडून कानाला जाणारी नळी बंद होते, पडद्यामागे पाणी साचते, कधी ते गोंदासारखे घट्ट होते. दुखत नाही, ताप नाही, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. मुलाला मात्र पाण्याखालून ऐकावे तसे ऐकू येते. वर्गात असे मूल मागच्या बाकावर बसले की ते लक्ष देत नाही असा शेरा बसतो. पाणी बरेचदा आपोआप ओसरते. महिनोन्महिने राहिले तर पडद्याला बारीक छिद्र पाडून त्यात नळी बसवतात. पडदा फाटून कान वाहत असेल तर औषधाने तो कोरडा करून पडदा शिवता येतो. काही कानांत पडद्यामागे कातडीचा गोळा वाढून हाडे खातो आणि पू मेंदूपर्यंतही पोचू शकतो. म्हणून घाण वासाचा वाहणारा कान घरी ठेवू नये. आणि गरम तेल, लसणाची फोडणी, काडेपेटीची काडी, केसांची पिन यांतले काहीही कानात जाऊ देऊ नये. हे सांगताना आजीबाईंचा अवमान करण्याचा हेतू नाही. तेल थेंबभर असते, पण फाटक्या पडद्यातून ते जाते कुठे, हे आजीला दिसत नाही.

दुसऱ्या प्रकाराची कारणे अनेक. निम्म्याहून अधिक जन्मजात बहिरेपण आनुवंशिक असते, आणि इथे एका अन्यायाविषयी बोलणे भाग आहे. बहिरे मूल जन्मले की घरातली बोटे सुनेकडे वळतात. गरोदरपणी ग्रहणात बाहेर गेली, अमके खाल्ले, तमके कापले. ग्रहणाचा कानाशी काडीचाही संबंध नाही. बहिऱ्या मुलांपैकी शेकडा नव्वदांहून अधिक मुलांचे आईबाप दोघेही नीट ऐकणारे असतात. मग दोष येतो कुठून? आई आणि बाप दोघांकडेही एकेक सदोष जनुक निरुपद्रवी पडून असते. मुलाकडे दोन्हीकडून तेच आले की श्रवण जाते. असे होण्याचा संभव दर अपत्यागणिक चारांत एक. १९९७ साली यांतल्या एका प्रमुख जनुकाचा शोध लागला. तेव्हापासून रक्ताच्या तपासणीने ते ओळखता येते. नात्यातल्या नात्यात लग्न झाले तर दोघांकडे तेच जनुक असण्याचा संभव वाढतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आपल्याकडची चाल या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. पण सासरच्यांनी लक्षात ठेवावे की, हिशेबात बापाची बाजू आईइतकीच आहे.

बाकीची कारणे पुष्कळशी टाळता येण्याजोगी आहेत. १९४१ साली ऑस्ट्रेलियातील सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांच्याकडे मोतीबिंदू घेऊन जन्मलेली बालके एकामागून एक येऊ लागली. त्यांनी मातांकडे चौकशी केली, तेव्हा बहुतेकींना गरोदरपणाच्या आरंभी रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, होऊन गेल्याचे आढळले. तोच रोग गर्भाचा शंखही बिघडवतो, हे लवकरच उमगले. ज्या रोगात आईच्या अंगावर चार दिवस पुरळ येण्यापलीकडे काही दिसत नाही, तो मुलाचे जन्माचे ऐकणे नेतो. त्याची लस आहे. गोवर-रुबेला लसीची मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये गोव्यासह काही राज्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात आली. त्या वेळी या लसीबद्दल नाही नाही त्या अफवा उठल्या. चाळीचाळींतून फिरून त्या खोडताना आमचे घसे बसले. मेंदूज्वर, जन्मानंतरची तीव्र कावीळ, फार अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण, जेंटामायसिनसारख्या काही औषधांचा परिणाम हीही कारणे आहेत. मेंदूज्वरानंतरच्या बहिरेपणात तर विशेष घाई असते. शंखाच्या आत हाड धरू लागते, आणि उशीर झाला तर पुढे यंत्र बसवायला जागाच राहत नाही. बालपणातील बहिरेपणापैकी शेकडा साठ टाळता येण्याजोगे आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

ओळखावे कसे? थाळी वाजवून पाहणे ही आपल्या घरांतली परीक्षा. ती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही, पण ती फसवी आहे. थाळीचा आवाज फार मोठा. शिवाय मूल वाजवणाऱ्याची सावली पाहते, जमिनीची थरथर पावलांनी ओळखते, आणि वळते. बरे, बहुतेक बहिरी मुले ठार बहिरी नसतात. पुष्कळांना जाडे स्वर ऐकू येतात, बारीक येत नाहीत. भांडे पडले की मूल दचकते, म्हणून आई म्हणते, 'ऐकू येतं की त्याला!' परंतु 'सात', 'हात' आणि 'भात' यांतला फक्त 'आ' त्याच्यापर्यंत पोचतो; मग त्याने सात म्हणून काय आणि भात म्हणून काय शिकावे? आणखी एक फसगत अशी की, बहिरे बाळही पहिले काही महिने इतर बाळांसारखेच हुंकारते, आवाज काढते. पुढे इतर मुलांची 'बाबाबा, दादादा' अशी अक्षरे जुळू लागतात, तेव्हा हे मागे पडते. आणि घरचे म्हणतात, याचा बापही उशिरा बोलला होता.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात असेच झाले. मुलगी दीड वर्षाची असताना आजीला संशय आला होता. दाखवले, तर एका डॉक्टरांनी 'पाच वर्षांपर्यंत वाट पाहा, मुली लाजऱ्या असतात' असे सांगून परत पाठवले. दुसरीकडे तपासणी झाली तेव्हा मुलगी साडेतीन वर्षांची होती. ती आज थोडे बोलते, खुणा करते, शाळेत जाते. पण तिची जी दोन वर्षे गेली ती कोणत्याही यंत्राने भरून निघाली नाहीत.

कारण असे आहे. मेंदूचा जो भाग आवाजासाठी राखलेला असतो, तो आवाज न मिळाल्यास रिकामा बसून राहत नाही. दृष्टी, स्पर्श असली दुसरी कामे तिथे शिरकाव करतात. पहिली तीन-साडेतीन वर्षे ही त्या भागाची घडण होण्याची वर्षे. १९९८ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या मुलांवरून असे दाखवून दिले गेले की, सहा महिन्यांच्या आत ज्यांचे बहिरेपण ओळखून उपाय सुरू झाले, त्यांची भाषा उशिरा ओळखलेल्या मुलांपेक्षा बरीच पुढे गेली. बहिरेपण सौम्य की तीव्र याहून ते केव्हा कळले याला अधिक महत्त्व ठरले. म्हणून आज जगभर एक, तीन, सहा असा दंडक मानतात: एका महिन्यात प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपाय.

एका महिन्याच्या बाळाचे कान कसे तपासणार, असे कोणी विचारील. इथे शास्त्राने खरोखर नवल केले आहे. निरोगी शंख केवळ आवाज घेत नाही, तो स्वतः अतिशय क्षीण आवाज परतही पाठवतो. इंग्लंडमधील डेव्हिड केंप यांनी १९७८ साली हे प्रसिद्ध केले. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी गुंडी ठेवून तो प्रतिध्वनी टिपायचा, की काम झाले. सुई नाही, रक्त नाही, काही मिनिटांचा खेळ. याला ओएई म्हणतात. पहिल्या वेळी यंत्राने 'पुन्हा तपासा' म्हटले म्हणून घाबरू नये. जन्मानंतर कानात द्रव असला तरी तसे येते. पण पुन्हा तपासायला जाणे मात्र चुकवू नये. जी बाळे काचेच्या पेटीत राहिली, ज्यांना जास्त कावीळ झाली, त्यांची 'बेरा' ही तपासणी करून घ्यावी. तीत डोक्याला तारा चिकटवून मज्जातंतूचा संदेश मोजतात. अशा काही बाळांचा शंख ठीक असतो आणि बिघाड पुढे मज्जातंतूत असतो, तो ओएईला सापडत नाही.

सरकारी वाटाही आहेत. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या व शाळेतल्या मुलांची तपासणी करून जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवण्याची तरतूद आहे. वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे.

निदान झाल्यावर प्रथम श्रवणयंत्र. ते आवाज मोठा करते, आणि ज्या स्वरांत कमतरता आहे तेच अधिक वाढवते; म्हणून दुसऱ्याचे यंत्र मुलाला लावणे म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा लावण्यासारखे आहे. मुलाचा कान वाढतो तसा कानातला साचा बदलावा लागतो, नाहीतर यंत्र शिट्टी मारते. शिट्टी मारते म्हणून ट्रंकेत ठेवलेली यंत्रे आम्ही पाहिली आहेत. 'लोक बघतात' म्हणून ठेवलेलीही पाहिली, विशेषतः मुलींची; लग्न जमणार नाही अशी भीती! चष्म्याची लाज गेली, याची अजून जायची आहे.

शंखातल्या पेशी इतक्या गेल्या असतील की यंत्राने वाढवलेला आवाजही उपयोगी पडत नाही, तर कॉक्लियर इम्प्लांट. कल्पना साधी आणि धाडसी: मेलेल्या केसपेशी वगळून मज्जातंतूलाच विजेने चेतवायचे. १९५७ साली पॅरिसमध्ये जुर्नो आणि एरिएस यांनी पहिला प्रयत्न केला. १९६१ साली अमेरिकेत विल्यम हाऊस यांनी. पण वेगवेगळे स्वर वेगवेगळ्या जागी पोचवायचे तर वळणदार शंखात खोलवर तारा घालाव्या लागतात. मेलबर्नचे ग्रेम क्लार्क, ज्यांचे वडील स्वतः कानाने अधू होते, १९७७ साली समुद्रकिनारी सुट्टीवर असताना शिंपल्यात गवताची पाती सरकवून बघत बसले. टोकाशी लवचीक आणि मागे ताठ होत जाणारी पाती वळणावरून न अडता आत जाते, हे त्यांनी पाहिले. आणि १ ऑगस्ट १९७८ रोजी त्यांनी अनेक विद्युत्-अग्रे असलेले आपले यंत्र पहिल्या रुग्णाला बसवले. हत्यारांशी झटापट करणाऱ्या कुठल्याही कारागिराला ही गोष्ट आपली वाटेल. मुलांसाठी अमेरिकेत १९९० साली परवानगी मिळाली, तेव्हा वयाची अट दोन वर्षांची होती. आता वर्षाच्या आतल्या बाळांनाही ते बसवतात.

मात्र हे यंत्र म्हणजे नवा कान नव्हे. पंधरा हजार पेशींचे काम बावीसएक अग्रांवर भागवायचे असते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी यंत्र चालू करतात, त्या दिवशी मूल दचकते, रडते, बोलत नाही. त्याचे ऐकण्याचे वय त्या दिवशी शून्य असते. पुढे दोन-तीन वर्षे रोज त्याच्याशी बोलावे लागते, आवाज ओळखायला शिकवावे लागते. आठवड्यातून एकदोनदा वाचा-श्रवण तज्ज्ञाकडे, आणि उरलेले सगळे तास घरी. चीनमध्ये एका विशिष्ट जनुकदोषाच्या सहा मुलांवर जनुकोपचार झाले आणि त्यांतल्या पाचांचे श्रवण सुधारले, हे वृत्त २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. ते मोठे आशादायक आहे. परंतु तो एका जनुकापुरता प्रश्न आहे, आज दारात उभ्या असलेल्या बहुतेक मुलांसाठी तो उपाय नाही.

खुणांच्या भाषेबद्दल दोन शब्द. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने बहिऱ्यांच्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला. ज्यांच्याविषयी ठराव, ते बहिरे लोक तिथे मतदानाला जवळजवळ नव्हतेच. असले ठराव आमच्या चळवळीला चांगले परिचयाचे आहेत. २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेने त्याबद्दल खेद व्यक्त केला. आपल्याकडे दिल्लीत २०१५ पासून भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. खुणा शिकवल्या की मूल बोलायचे सोडते, ही भीती आम्हांला पटत नाही. मुलाला भाषा लवकर मिळाली पाहिजे, मग ती कानाने येवो की डोळ्याने. ज्यांचे यंत्र उशिरा बसले किंवा बसलेच नाही, त्यांना तर खुणांची भाषा नाकारणे म्हणजे उपाशी माणसाला पंगत नीट मांडली नाही म्हणून ताट न देणे होय.

आता पैशाचे. केंद्र सरकारच्या योजनेत २०१४ पासून मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांतील लहान मुलांसाठी इम्प्लांटला सहा लाख रुपयांपर्यंत मदत ठरवली गेली. वय आणि उत्पन्न यांच्या अटी आहेत, त्या अर्जापूर्वी विचारून घ्याव्यात. ही मोठीच गोष्ट झाली, यात शंका नाही. पण यंत्र मिळाले म्हणजे मूल बोलले, असा सरकारी कागदाचा हिशेब असतो. घरचा हिशेब निराळा आहे. कांड्या भरणाऱ्या बाईला आठवड्यातून दोन दिवस मुलाला घेऊन जिल्ह्याच्या गावी जायचे म्हणजे दोन खाडे. तिची मजुरी नगावर. नग नाही तर पैसा नाही. एस.टी.चे भाडे वेगळे. सहा महिन्यांत ती थकते, जाणे बंद होते, आणि सहा लाखांचे यंत्र मुलाच्या कानामागे नुसते लटकत राहते. म्हणून आमच्या मागण्यांच्या यादीत अशा आईबापांसाठी पगारी रजेचे कलम आम्ही घातले आहे. मालकमंडळी हसतात, बोनसच्या कलमालाही पूर्वी हसतच होती.

शस्त्रक्रियेला संमती देण्यापूर्वी काही गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: बाहेरच्या यंत्राची हमी किती वर्षांची, तार तुटली तर ती कितीला आणि कुठे मिळते, बॅटरी किती तास चालते, जवळचा वाचा-श्रवण तज्ज्ञ कोणत्या गावी आहे. मेंदूज्वरापासून रक्षण करणाऱ्या लशी झाल्या आहेत का, तेही विचारावे. आंघोळीच्या वेळी बाहेरचा भाग काढून कोरड्या डब्यात ठेवायचा असतो. आमच्याकडच्या दमट पावसाळ्यात यंत्रे याच कारणाने सर्वांत अधिक बिघडतात, आणि दुरुस्तीला गेलेले यंत्र परत येईपर्यंत मूल पुन्हा बहिरे असते. तेव्हा बदली यंत्र मिळणार की नाही, हे आधीच ठरवून घ्यावे.